वजन तेवढंच, पण माप बदललं

मी शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, परकर, पिको-फॉल, जे येईल ते. त्यामुळे माणसाच्या अंगाचं माप ही माझ्या रोजच्या हातातली गोष्ट. हे आधीच सांगते कारण पुढं जे सांगायचंय ते दवाखान्यातल्या वजनकाट्याला कळलं नव्हतं, मला टेपनं कळलं. आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी आणि जण असतील ज्यांचे गाल बसलेत, हातापायाच्या काड्या झाल्यात, आणि घरचे म्हणतायत खात नाहीस म्हणून झालंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

मला एचआयव्ही आहे, २००५ पासून माहिती आहे. मालक इचलकरंजीत मागावर कामाला होते, ते आधी गेले, मग माझी टेस्ट झाली. मुलगा तेव्हा बालवाडीत, त्याची टेस्ट निगेटिव्ह आली, त्या एका कागदावर मी पुढची वर्षं काढली म्हटलं तरी चालेल. माझी तब्येत तेव्हा फार खालावली होती, तोंडात पांढरा थर, महिनाभर जुलाब, पाठीवर नागीण उठून गेलेली, वजन ३६ किलो आणि सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, शंभरच्या थोडं वर. ते जे बारीक होणं होतं ना ते सगळ्या अंगाचं होतं, चरबी पण गेलेली आणि मांस पण, उठून बसायला भिंत धरावी लागायची. हे इथं मुद्दाम लिहिते कारण नंतर जे झालं ते दिसायला असंच होतं पण आतून अगदी वेगळं, आणि या दोन्हींत गल्लत झाली की माणूस चुकीच्या गोष्टीला घाबरतो.

सरकारी दवाखान्यात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली होती, सुरुवातीला ज्या राज्यांत रुग्ण जास्त होते तिथं, त्यात आपला महाराष्ट्र होता. मी २००६ ला सुरू केली. माझं हिमोग्लोबिन फार कमी होतं आणि झिडोवूडिन नावाच्या औषधानं रक्त आणखी कमी होतं म्हणून मला स्टॅव्हुडिनवाली गोळी दिली, स्टॅव्हुडिन, लॅमिवूडिन आणि नेव्हिरापिन, तिघं एकाच गोळीत. दवाखान्यात तिला एसएलएन म्हणायचे. सकाळी एक रात्री एक, बारा तासांच्या अंतरानं, आणि मी घड्याळाचा गजर लावून घ्यायचे. या गोळीबद्दल मी पुढं बरंच वाईट लिहिणार आहे म्हणून आधी हे लिहिते की मी तिच्यामुळंच वाचले. परदेशी औषधांचा एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता तेव्हा २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लानं हीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली आणि गरीब देशांत ही औषधं पोचायची वाट तिथून मोकळी झाली. स्टॅव्हुडिन स्वस्त होतं, रक्त कमी असलेल्याला चालायचं, फार तपासण्या लागत नव्हत्या. आमच्यासारख्यांना तेव्हा तेच मिळण्यासारखं होतं आणि ते मिळालं म्हणून आज लिहितेय.

वर्षभरात वजन ४८ झालं. गाल भरले, केस दाट झाले, सीडी-फोर चढत गेला. मशीन पुन्हा सुरू केलं. लोक म्हणायला लागले, आता चांगली दिसतीस की गं. ते दीड-दोन वर्षं फार चांगली गेली.

मग माझेच ब्लाऊज मला बाहीत सैल व्हायला लागले. आधी वाटलं कापड सैल पडलं असेल, धुऊन धुऊन होतं तसं. पण छातीत ठीक, कंबरेत तर उलट घट्ट, आणि बाही मात्र अशी की दोन बोटं आत जातील. मी आपली बाहीला टीप मारून घेतली. काही महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा मी टेप घेऊन माझं माप घेतलं आणि गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीतच शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. दंडघेर साडेदहाचा साडेआठ झाला होता. कंबर अडीच इंच वाढली होती. सीट म्हणजे बसायच्या जागेचा घेर दोन-तीन इंचानं कमी. आणि वजन? वजन ४८. जसंच्या तसं.

शिवणकाम करणाऱ्या बाईला हे फार विचित्र वाटतं बघा. बाई बारीक होते तेव्हा सगळीकडून होते, जाड होते तेव्हा पण साधारण सगळीकडून. बाळंतपणानंतर पोट सुटतं पण दंड पण भरतात. दंड आणि मांड्या सुकतायत आणि पोट वाढतंय असं माप मी कुणाचंच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर चेहरा. तो हळूहळू जातो म्हणून रोज आरशात बघणाऱ्याला कळत नाही, वर्षानं भेटणाऱ्याला एकदम कळतं. आधी गालाच्या मधोमध खळगा पडला, मग कानशिलाशी, मग डोळ्याखाली, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना खोल रेषा आल्या. मी तेव्हा पस्तिशीची पण नव्हते. हातावरच्या आणि पिंढरीवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. बांगड्या सरकत कोपरापर्यंत जायच्या. मानेच्या मागं, जिथं ब्लाऊजचा मागचा गळा सुरू होतो तिथं, मऊसा उंचवटा यायला लागला. आणि एक गोष्ट जी कुणाला सांगायला लाज वाटते पण त्रास फार देते, बसायच्या जागेची चरबी गेली की हाड टोचतं. एसटीच्या बाकावर, दवाखान्याच्या सिमेंटच्या कट्ट्यावर, मशीनच्या स्टुलावर, पंधरा मिनिटं झाली की कूस बदलावी लागते. माझं सगळं कामच बसून.

घरी दुसरंच सुरू झालं. धाकटी जाऊ सणाला आली, बघितलं आणि स्वयंपाकघरात सासूबाईंना हळूच म्हणाली, "आत्या, परत सुरू झालं वाटतं हिचं." मला ऐकू गेलं. ती वाईट मनानं म्हणाली नाही, तिला खरंच काळजी वाटली, पण ते वाक्य मी अजून विसरले नाही. कारण त्या वेळी मी आजारपणानंतर कधी नव्हे इतकी धडधाकट होते, सीडी-फोर पाचशेच्या वर, पाणी भरते, दिवसाला चार-पाच ब्लाऊज काढते, ताप नाही खोकला नाही, आणि बघणाऱ्याला मात्र मी मरायला टेकलेली दिसत होते. २००६ ला मी खरंच मरायला टेकले होते तेव्हा लोकांना टायफॉईड सांगितला होता आणि तो खपला होता. आता बरी झाल्यावर चेहरा सगळं उघडं करत होता. त्या काळात आमच्यातले लोक एकमेकांना गालांवरून ओळखायचे. एसटी स्टँडवर समोरच्या बाकावर एखादा माणूस बसलेला असायचा, गाल तसेच, हाताच्या शिरा तशाच, आणि तो पण माझ्याकडं बघायचा आणि दोघंही नजर काढून घ्यायचो. आम्हाला ओळखता येत होतं तर दुसऱ्यांनाही येतच असणार हा विचार मग डोक्यातून जायचा नाही. पुरुष दाढी वाढवायचे. बाईनं काय करायचं, पदर ओढून घ्यायचा.

आईनं ऐकलं आणि ती डबे घेऊन आली. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, तूप, रोज रात्री दुधात केळं कुस्करून. कुठलीही आई हेच करेल आणि मी पण आनंदानं खाल्लं, मलाही वाटत होतं की गाल भरतील. गाल काही भरले नाहीत. पोट वाढलं, आणि नंतर जेव्हा रक्त तपासलं तेव्हा ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, साडेतीनशेच्या पुढं, जे १५० च्या आत पाहिजे. म्हणजे खाल्लेलं कुठंतरी जात होतं, पण जिथं जायला पाहिजे तिथं जात नव्हतं.

दवाखान्यात मी दोन-तीनदा सांगून बघितलं की गाल बसलेत. दर महिन्याला गोळ्या घ्यायला गेलं की वजन करायचं, ते पुस्तकात लिहायचं, आणि पुस्तकात वजन छान दिसायचं, म्हणून "ताई वजन तर व्यवस्थित आहे, टेन्शन घेऊ नका, खात राहा" असंच व्हायचं. गर्दी इतकी असायची की एका पेशंटला पाच मिनिटं मिळाली तरी खूप. मग एकदा मी ती मापाची वहीच घेऊन गेले. तेव्हा नवीन डॉक्टर आले होते, तरुण. मी पान उघडून समोर ठेवलं, त्यात तारखा घालून दंड, मांडी, पिंढरी, सीट, कंबर असं लिहिलेलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, मग माझ्या दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली. चपला काढायला सांगितल्या, पायाला कापूस लावून विचारलं कळतंय का, तळपायाची आग होते का. होत होती, रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन व्हायचा नाही आणि मला वाटायचं मशीनचं पायडल मारून होतंय. ती आग पण गोळीतल्या स्टॅव्हुडिननंच होती, नसांवर परिणाम.

त्यांनी मला लायपोअॅट्रॉफी हा शब्द सांगितला, म्हणजे चरबी झडणं, आणि पोटा-मानेवर साठणं धरून सगळ्याला मिळून लायपोडिस्ट्रॉफी म्हणतात. मी विचारलं का होतं, तर त्यांनी बाहेर लाईन असून पण समजावून सांगितलं, ते मला जसं कळलं तसं लिहिते. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि त्याची नक्कल करणारं एक एन्झाईम असतं. स्टॅव्हुडिन व्हायरसची नक्कल थांबवतं पण त्याबरोबर या एन्झाईमच्या कामात पण अडथळा आणतं, त्यामुळं मायटोकॉन्ड्रिया कमजोर होत जातात आणि कातडीखालच्या चरबीच्या पेशी मरायला लागतात. नसांच्या पेशींना पण तोच फटका. झिडोवूडिननं पण होतं पण कमी. आता चरबीच्या पेशी म्हणजे धान्याची कोठी समजा, कोठ्याच फुटल्या तर आलेलं धान्य घरभर सांडणार, तसं तुम्ही तूप खाल्लं तरी ते दंडात-गालात ठेवायला जागा नाही, मग ते रक्तात फिरतं, लिव्हरमध्ये साठतं, पोटात आतड्यांभोवती साठतं. त्यातून पुढं शुगर वाढते. म्हणून पोट मोठं दिसतं पण चिमटीत धरायला गेलं तर हाताला चरबी लागत नाही, कारण ती आत असते, पोट घट्ट लागतं. हे ऐकल्यावर मला मापाच्या वहीचं पान पहिल्यांदा समजलं.

आणि त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली जी सगळ्यांनी माहिती करून घ्यावी. एचआयव्ही वाढल्यामुळं माणूस वाळतो तेव्हा वजन उतरतं, ताप-जुलाब असतात, ताकद जाते, मांस झिजतं. औषधामुळं चरबी जाते तेव्हा वजन फारसं हलत नाही आणि ताकद शाबूत असते, हाताला मांस लागतं, फक्त त्यावरचा थर जातो. पहिल्यात लगेच दवाखाना गाठायचा, टीबी वगैरे बघायला लागतं. दुसऱ्यात गोळी बदलायला लागते. दोन्हींत गोळी आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही.

हे शेवटचं मला किती खरं आहे ते जवळून बघायला मिळालं. माझ्याबरोबर लाईनीत एक बाई असायची, माझ्याहून लहान, शेतात मजुरीला जायची. तिचे गाल माझ्याहून जास्त बसले होते. गावात लोक तोंडावर विचारायचे, पोरं मागून बोलायची. तिला कुठून तरी कळलं की गोळीनं होतंय, तेवढंच अर्धं कळलं, आणि तिनं गोळ्या बंद केल्या. मला भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, थोडे दिवस सोडते, चेहरा भरला की परत सुरू करते." मी समजावलं, दवाखान्यातून फोन गेले, समुपदेशक ताई घरी जाऊन आल्या. तिनं डबी दाखवली, गोळ्या घेते म्हणाली. चेहरा भरला नाहीच. टीबी मेंदूपर्यंत गेला आणि ती गेली, दोन मुलं मागं ठेवून. त्यामुळं कुणी जेव्हा म्हणतं की गाल बसणं काय एवढं, जीव तर वाचलाय ना, दिसण्याचं काय घेऊन बसलीस, तेव्हा मला राग येतो. तिचा जीव गालांवरून गेला. हा दिसण्याचा प्रश्न नाही, औषध चालू राहण्याचा प्रश्न आहे, आणि ज्याला चेहऱ्यामुळं गावात तोंड दाखवता येत नाही त्याला तुम्ही नुसतं गोळी घे गोळी घे म्हणून भागणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या शेवटी सगळ्या देशांना सांगितलं की स्टॅव्हुडिन बंद करत आणा, कारण हे असले परिणाम कायमचे राहतात. आपल्याकडं ते टप्प्याटप्प्यानं झालं. माझी गोळी त्या डॉक्टरांनी सीनियरशी बोलून बदलली, टेनोफोविर आणि लॅमिवूडिन, बरोबर नेव्हिरापिन तेच. रक्त कमी म्हणून झिडोवूडिन मला नकोच होतं. टेनोफोविरला किडनी बघावी लागते म्हणून क्रिएटिनिन तपासायचं, ते मी आजही चुकवत नाही. मी त्यांना विचारलं, गाल पूर्वीसारखे होतील का. ते म्हणाले, "खोटं सांगत नाही, पूर्ण भरतीलच असं नाही, पण पुढं जायचं थांबेल आणि थोडं थोडं परत येईल, त्याला वर्षं लागतील." मला ते खरं बोलणं बरं वाटलं. कुणी दोन महिन्यांत फरक पडेल म्हटलं असतं तर दोन महिन्यांनी मी कोसळले असते.

आणि तसंच झालं. तळपायाची आग पहिल्या वर्षात बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. दंड साडेआठवर थांबला, हेच पहिलं यश. मग फार हळू, पाव इंच, मग अर्धा. आज नऊच्या थोडं वर आहे. साडेदहा कधीच होणार नाही हे मला माहिती आहे. गालांचा खळगा जरा उथळ झाला. कानशिलं तशीच. मानेमागचा गोळा तसाच आहे.

मधल्या काळात मी माझ्या कलेचा उपयोग करून घेतला आणि हे मी मनापासून सांगते कारण कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. शिरा दिसतात म्हणून कोपरापर्यंत बाही, पण अंगालगत नाही, थोडी चुणी घालून, म्हणजे हात भरलेला दिसतो. पातळ कापडाला बाहीत पण अस्तर. मानेमागं उंचवटा असेल तर मागचा गळा खोल काढायचा नाही, तो जिथं सुरू होतो त्याच्या वर गळा ठेवायचा आणि मागच्या पाटाला अर्धा इंच जास्त उंची द्यायची, नाहीतर ब्लाऊज मागून वर चढतो. कंबरेचं माप बसून पण घ्यायचं, कारण पोट आतून वाढलेलं असतं, ते बसल्यावर दाबलं जात नाही. सीट सपाट झाली की साडीच्या निऱ्या नीट पडत नाहीत, परकर सरकतो, त्यासाठी परकराला आतून मागच्या बाजूला पातळ फोमचा दुहेरी थर लावायचा, बसायला पण बरं पडतं. असे परकर मी दवाखान्यात ओळख झालेल्या बऱ्याच बायकांना शिवून दिले. एकजण घालून बघून रडायला लागली. म्हणाली, कितीतरी दिवसांनी एसटीत बसून घरी गेले, उभी राहिले नाही. स्टुलासाठी मी जाड फोमची गादी केली, मध्ये खाच ठेवून, ती पिशवीत घालून दवाखान्यात पण नेते.

कागदपत्रांचा पण एक त्रास असतो, तो आधी कुणी सांगत नाही. बँकेच्या पासबुकावर माझा जुना फोटो होता, भरलेल्या गालांचा. एकदा पैसे काढायला गेले तर काउंटरवरचा माणूस फोटोकडं बघतो, माझ्याकडं बघतो, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतो, "ह्या तुम्हीच का?" सही जुळली, आधार दाखवलं, मग झालं. पण मी दुसऱ्याच दिवशी नवे फोटो काढून सगळीकडं बदलून घेतले. ज्यांचा चेहरा बदललाय त्यांनी हे करून टाकावं, एकदाच त्रास होतो. आणि कुणी कारण विचारलं तर सांगायची सक्ती नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे, आपल्या संमतीशिवाय आपली माहिती उघड करता येत नाही.

गाल भरायच्या इंजेक्शनचं पण मी चौकशी करून बघितलं. मुलगा नोकरीला लागल्यावर त्यानं स्वतःच विषय काढला, "आई, पुण्यात करतात, जाऊन तर बघू." गेलो. त्या स्किनच्या डॉक्टर बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं पॉली-एल-लॅक्टिक अॅसिड म्हणून एक असतं, अमेरिकेत २००४ साली ते एचआयव्हीवाल्यांच्या बसलेल्या गालांसाठीच मंजूर झालं होतं. ते कातडीखाली टोचतात, मग तिथं शरीर स्वतःचं कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारा पदार्थ, तयार करतं, चेहरा हळूहळू भरतो. पण एका वेळेत होत नाही, काही आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार वेळा करावं लागतं आणि साधारण दोन वर्षांनी पुन्हा. एका वेळचाच खर्च काही हजारांत, एकूण लाखाकडं जाणारा. मी विचारलं, माझीच चरबी पोटातून काढून गालात घालता येत नाही का. त्या म्हणाल्या, ती चरबी कातडीखालची लागते, तुमची पोटातली आत आहे, ती काढता येत नाही, आणि कातडीखाली तुमच्याकडं शिल्लकच नाही.

मी नाही केलं. पैसे मुलाच्या लग्नाला आणि ओव्हरलॉक मशीनला लागले. पण कुणी करून घेत असेल तर तिला नट्टापट्टा म्हणू नका. फ्रान्ससारख्या देशात एचआयव्हीच्या पेशंटला याचा खर्च सरकारी विम्यातून मिळतो, कारण ते तो उपचार मानतात. अपघातात जबडा मोडला तर आपण बसवून घेतोच ना, मग औषधानं गेलेला गाल हा पण औषधाचाच भाग धरला पाहिजे. आपल्याकडं स्टॅव्हुडिनवर वाचलेले माझ्या वयाचे कितीतरी लोक आहेत, त्यांच्यासाठी कधीतरी हे व्हावं असं मला फार वाटतं. ज्या मुलांना लहानपणीच हे औषध मिळालं ती आता लग्नाच्या वयाची आहेत, त्यांच्याकडं बघून जास्त वाटतं.

आता गोळी टीएलडी, टेनोफोविर, लॅमिवूडिन, डोल्युटेग्राविर, दिवसातून एकदाच. मधली काही वर्षं एफाव्हिरेंझवाली होती, ती रात्री घेतली की चक्कर आणि चित्रविचित्र स्वप्नं, ती संपली ते बरं झालं. व्हायरल लोडच्या रिपोर्टवर टार्गेट नॉट डिटेक्टेड येतं, म्हणजे रक्तात व्हायरस मशीनला सापडत नाही इतका कमी, आणि तो तसा राहिला तर शरीरसंबंधातून पण दुसऱ्याला लागण होत नाही. नवीन पेशंटला आता स्टॅव्हुडिन मिळतच नाही, त्यामुळं नव्यांचे गाल असे बसणार नाहीत, हे मी प्रत्येक नव्या बाईला आधी सांगते, कारण ती माझ्याकडं बघून घाबरते. डोल्युटेग्राविरनं वजन मात्र वाढू शकतं. माझं पण वाढलं, आणि ते दंडात नाही, पोटातच जास्त गेलं.

म्हणून अजूनही मी महिन्यातून एकदा टेप घेते, सकाळी, काही न खाता, बेंबीच्या रेषेत. तूप-साखर कमी केलं, वनस्पती तूप घरातून काढलं, भात एकाच वेळी. त्या पुण्याच्या डॉक्टर बाईंनी एक चांगलं सांगितलं होतं की चरबी परत येत नसली तरी मांस वाढवता येतं, आणि मांसानं पण अंग भरतं. तेव्हापासून पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन दंडाचे व्यायाम आणि भिंतीला पाठ टेकून उठाबशा. सीटचा घेर एक इंच वाढला तो चरबीनं नाही, उठाबशांनी वाढला. हाड टोचायचं बरंच कमी झालं. जावेला आता गुडघे दुखतात, तिलाही मी तेच करायला लावते, माझ्याच अंगणात आम्ही दोघी करतो.

शुगर सध्या काठावर आहे. ट्रायग्लिसराईड २२० आलंय मागच्या वेळी. डॉक्टर म्हणाले, तीन महिने चालणं वाढवून बघा, नाहीतर त्याची पण एक गोळी सुरू करू. मी म्हटलं, सुरू करायला माझी हरकत नाही, फक्त तिनं दंड कमी होत नाही ना एवढं आधी सांगा. ते म्हणाले, नाही होत. वहीत तारीख घालून ते पण लिहून ठेवलंय.